गाडी गरम झाली की घाटात बंद पडते, फ्युएल पंप बदलायचा का?

खंबाटकी_रिटर्न:
नमस्कार मंडळी, गाडीबद्दल सल्ला पाहिजे. पेट्रोल हॅचबॅक, २०१२ चं मॉडेल, रनिंग सव्वा लाखाच्या आसपास, पहिल्यापासून माझ्याकडेच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद कुठली कंपनी भारी यावरच जातील आणि माझी गाडी आहे तिथेच राहील.

तर प्रॉब्लेम असा की गावात गाडी मस्त चालते, सकाळी ऑफिस संध्याकाळी घर, काही म्हणजे काही तक्रार नाही. हायवेला लागून तासभर झाला, त्यात चार माणसं आणि एसी, की चढाला मान टाकते. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत आधी नुसते झटके, मग पाय पूर्ण दाबला तरी ओढत नाही आणि मग सरळ बंद. स्टार्टर फिरतो पण इंजिन उचलत नाही. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं, घरच्यांचं बोलून झालं, की पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही. टेंपरेचरचा काटा मधेच असतो, चेक इंजिन लाईट नाही.

घराजवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं की टाकीतला पंप गेलाय, पूर्ण असेंब्ली टाकू, अकरा हजार आणि मजुरी वेगळी. दुसरा म्हणतो थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करा. तिसऱ्याने पेट्रोलमधे ओतायची बाटली हातात ठेवली. पैसे घालायला ना नाही हो, पण अकरा हजार घालून परत खंबाटकीतच उभं राहायची वेळ आली तर काय?

कंदी_पेढा:
सेम टू सेम आमच्या गाडीला झालेलं. पंपच होता. बदला आणि विषय संपवा, किती दिवस घाटात उभे राहणार राव.

मिस्त्री_काका:
अहो पेढेवाले, तुमच्या गाडीत पंप निघाला म्हणून यांच्याही गाडीत पंपच असं कसं? तपासायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढी कुणी देत नाही आणि गिऱ्हाईक पार्टवर पार्ट बदलत बसतं.

रिटर्नसाहेब, गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू या लक्षणाचे संशयित बरेच. पंपाची मोटर, मोटरपर्यंत करंट नेणारा रस्ता म्हणजे रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग, कनेक्टर आणि अर्थिंग, इंजिन फिरतंय का ते सांगणारा क्रँक सेन्सर, आणि कधी कधी इग्निशन कॉइल. यातलं नक्की कोण ते गाडी बंद पडलेली असतानाच कळतं, चालू झाल्यावर गॅरेजला नेऊन काही उपयोग नाही, तिथे ती शहाण्यासारखी वागणार.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच सेल्फ मारत बसू नका. एक माणूस मागच्या सीटवर बसवा, काचा वर, एसी-रेडिओ बंद, आणि चावी फक्त ऑनवर न्या. एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, साधारण दोन सेकंद पंप फिरवतो, लाईनमधे प्रेशर भरायला, आणि इंजिन फिरत नाहीये दिसलं की बंद करतो. ते दोन सेकंदाचं गुंईंऽऽ मागच्या सीटखालून ऐकू यायला पाहिजे. घरी गाडी ठीक असताना आधी एकदा ऐकून ठेवा म्हणजे कसा आवाज ते माहीत होईल. ऐकू आला नाही तर मोटर किंवा तिचा करंट. आवाज आला पण गाडी चालू होत नाही, तर मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा हलतो का बघा, अजिबात मेल्यासारखा पडून राहिला तर क्रँक सेन्सरवर संशय.

आणि एक, सेल्फ मारताना पंप फिरत नाही म्हणून पंप गेला असं समजू नका. क्रँक सेन्सरचा सिग्नल नसेल तर ईसीयूच पंप बंद ठेवतो. म्हणून चावी ऑनचे पहिले दोन सेकंद महत्त्वाचे.

संत्रानगरी:
काका बरोबर बोलून राहिले. नागपुरात मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत माझी गाडी अशीच सिग्नलला मरायची. दोन गॅरेजवाल्यांनी पंप म्हटलं. शेवटी क्रँक सेन्सर निघाला, पंपाच्या मानानं किरकोळ पैशात काम झालं. सेन्सरच्या आतली वायर गरम झाल्यावर सुटायची आणि थंड झाली का परत चिकटायची.

ओबीडीवाला:
खंबाटकी, ब्लूटूथ ओबीडी डाँगल, म्हणजे ईसीयूमधले फॉल्ट कोड मोबाईलवर दाखवणारं यंत्र, मिळतं हजाराच्या आत, घेऊन ठेव. चेक लाईट पेटली नसली तरी पेंडिंग कोड असू शकतो. पी०३३५ दिसला तर क्रँक सेन्सर, पी०१७१ म्हणजे मिक्श्चर लीन, पेट्रोल कमी पडतंय. आणि कोड नसला तरी लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे ईसीयूला पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के वाढवावं-घटवावं लागतंय तो आकडा, चढाला लोडवर जर ते अधिक पंधरा-वीस टक्क्यांवर जात असेल तर ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून कमी प्रेशरची भरपाई करतोय असं धरायला हरकत नाही. हवा कुठून लीक होत असेल तरीही ट्रिम वाढतं पण ते जास्त करून आयडलिंगला दिसतं, लोडवर कमी होतं. पंपाचं उलट, आयडलिंगला ठीक आणि लोडवर बोंब.

नानापेठी:
बाटली ओतू नका फक्त, बाकी काहीही करा :)

निळी_छत्री:
वाचनखूण साठवतेय. एक बावळट प्रश्न, ही मोटर पेट्रोलच्या टाकीत बुडालेली असते? विजेची मोटर? आणि ठिणगी वगैरे उडत नाही? हे वाचल्यापासून मागच्या सीटवर मुलांना बसवायची भीती वाटायला लागलीये.

मिस्त्री_काका:
ताई, प्रश्न बावळट नाही, गॅरेजमधल्या पोरांनाही हे माहीत नसतं. मोटर पेट्रोलमधे पूर्ण बुडालेली असते, इतकंच नाही तर पेट्रोल मोटरच्या आतूनच वाहतं, आर्मेचर (फिरणारा भाग) आणि त्याला करंट देणाऱ्या ब्रशला लागून. तेच तिचं कूलिंग आणि तेच वंगण. ठिणगी पडली तरी जळायला हवा लागते, मोटरच्या आत हवा नाही. आणि टाकीत पेट्रोलच्या वर जी जागा असते तिथे वाफ इतकी दाट असते की ती पेटू शकत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेटते, त्याच्या खाली नाही आणि वरही नाही. टाकीत त्याच्या कितीतरी वर असते. धोका टाकी उघडल्यावर असतो, बंद टाकीत नाही. मुलांना खुशाल बसवा.

पद्मिनीप्रेमी:
या मोटरी टाकीत घालायच्या आधी बरं होतं असं आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना वाटतं. प्रीमियर पद्मिनीला, अँबॅसेडरला, पहिल्या मारुती ८०० ला पंप इंजिनच्या अंगाला असायचा, कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवणार आणि आतला डायफ्राम पेट्रोल ओढणार. वीज नाही, रिले नाही, काही नाही. दहा-वीस रुपयांचं डायफ्रामचं किट जवळ ठेवायचं आणि कशेडीत बसून बदलायचं. फक्त उन्हाळ्यात व्हेपर लॉक व्हायचा, पंप इंजिनच्या उष्णतेने तापून आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही ओढली जात नाही. मग पंपावर ओलं फडकं टाकून करवंटीने पाणी मारायचं. एप्रिल-मे मधे बोरघाटात रांगेने पद्मिन्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या आणि प्रत्येकीच्या पंपावर फडकं. पंपाला एक छोटी तरफ असायची हाताने पंपिंग करायला, ती मारली की कार्बोरेटर भरला आणि निघालो.

रिटर्नभाऊ, तुमचं लक्षण वाचून मला तेच आठवलं, पण टाकीतला पंप आल्यापासून लाईनला सतत प्रेशर असतं त्यामुळे व्हेपर लॉक इंजेक्शनच्या गाडीत सहसा होत नाही. तेव्हा ओलं फडकं नका टाकू.

खंबाटकी_रिटर्न:
अपडेट. मधे वाईला जाणं झालं आणि गाडीने घाटात शब्द पाळला. मुलाला मागे बसवून चावी ऑन केली, आवाज शून्य. आरपीएमचा काटा सेल्फ मारताना हलत होता. एक ट्रकवाले भाऊ थांबले, त्यांनी सांगितलं टाकीला खालून दोन-चार बुक्क्या मारा. मारल्या. गाडी चालू झाली! मग घाट उतरेपर्यंत पाय हलका ठेवून गेलो.

परत येताना साताऱ्यात मेव्हण्याच्या ओळखीचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत त्यांच्याकडे घातली. फ्यूज ठीक. हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले एकाच नंबरचा होता, अदलाबदल केली, काही फरक नाही. आता मागची सीट उचलतोय म्हणाले, पुढे काय बघायला सांगू?

मिस्त्री_काका:
टाकीला बुक्की मारून चालू झाली म्हणजे मोटरचे ब्रश किंवा कुठला तरी काँटॅक्ट हलला. पंपाच्या दिशेने पुरावा आहे, पण खालून बुक्की मारली तर वरचा कनेक्टरही हलतो हे विसरू नका.

इलेक्ट्रिशियनला सांगा की पंपाचा कनेक्टर काढून व्होल्टेज बघू नका. काढून बघितलं की हमखास बारा दाखवणार आणि वायरिंग ओके म्हणून मोकळे होणार. करंट वाहत नसताना जळका काँटॅक्टसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. कनेक्टर लावलेला ठेवून, मागून वायरीच्या बाजूने सुया घालून, पंप फिरत असताना व्होल्टेज बघायचं. दोन सेकंदात हात पुरत नाही, म्हणून रिले काढून त्याच्या सॉकेटला फ्यूजवाली जंपर वायर टाकून पंप सतत फिरता ठेवायचा. बॅटरीवर जेवढं आहे त्यापेक्षा पॉझिटिव्हच्या बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त पडायला नको, अर्थच्या बाजूलाही तेवढंच. आणि क्लॅम्प मीटर असेल तर किती अँपियर खातोय ते. या साइजच्या गाडीत चार ते सहा-सात बघायला मिळतात.

खंबाटकी_रिटर्न:
काका तुम्ही देवमाणूस आहात. बॅटरीवर १२.४, पंपाच्या कनेक्टरवर पंप फिरताना ९.८! अर्थची बाजू स्वच्छ. पॉझिटिव्हच्या वायरीत रिलेपासून सीटपर्यंत काहीच पडत नाहीये, सगळं कनेक्टरच्या पिनवर. काढून बघितला तर एक पिन चॉकलेटी झालेली आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक वितळून पिनला चिकटलेलं. वर बघून काही कळलंच नसतं. करंट नऊ अँपियरच्या वर.

म्हणजे फक्त कनेक्टर बदलला की झालं ना? इलेक्ट्रिशियन म्हणतात वायरीच्या शेपटीसकट नवीन कनेक्टर मिळतो, तीन-चारशेचा. अकरा हजार वाचले??

कंदी_पेढा:
वाचले की राव! पार्टी कधी?

ओबीडीवाला:
थांब रे पेढ्या. नऊ अँपियर वाचलंस का?

मिस्त्री_काका:
तेच. कनेक्टर उगाच जळत नाही. पिनची पकड सैल झाली असेल तर एकटा कनेक्टरही दोषी असू शकतो, पण इथे मोटर नऊ अँपियर ओढतेय. म्हणजे मोटर जड झालीय, आतून झिजलीय किंवा खालची पेट्रोल गाळणारी जाळी तुंबलीय. जाळी तुंबलेला पंप म्हणजे नाक दाबून घाट चढायला लावलेला माणूस. जास्त करंट वर्षानुवर्षे त्याच पिनमधून गेला, पिन तापली, तापली की सैल झाली, सैल झाली की अजून तापली. नुसता कनेक्टर टाकलात तर गाडी सुरुवातीला उत्तम पळेल, कारण मोटरला पूर्ण बारा व्होल्ट मिळतील, आणि मग काही दिवसांनी नवा कनेक्टरही जळेल. उलट नुसता पंप बदलून जुना कनेक्टर ठेवलात तर नवा पंपही दहा व्होल्टवर रडत बसेल आणि तुम्ही म्हणाल डुप्लिकेट पार्ट दिला. दोन्ही बदलायचं.

म्हणजे तुमच्या घराजवळच्या गॅरेजवाल्याने सांगितलेला पार्ट निम्मा बरोबर होता. पण त्याने पंप टाकून तीच जळकी पिन परत दाबून दिली असती हे मी लिहून देतो.

नानापेठी:
आता माझी एंट्री. असेंब्लीच घ्यायची गरज नसते. मॉड्यूलच्या, म्हणजे त्याच असेंब्लीच्या, आतली मोटर वेगळी मिळते, नाना पेठेत कुठल्याही चांगल्या दुकानात जुनी मोटर घेऊन गेलात की मापाची देतात, असेंब्लीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात काम होतं. मॉड्यूलचे प्लास्टिकचे खटके सोडवायचे, मोटर काढायची, नवीन घालायची, जाळी नवीन. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे आतमधे मोटरपासून वर जाणारा छोटा पाईप. तो तुटला किंवा कडक झाला की मेकॅनिक बाहेरचा साधा फ्युएल होज तोडून लावतो. चुकीचं आहे ते. साधा होज आतून पेट्रोल वाहायला असतो, बाहेरून पेट्रोलमधे बुडून राहायला नाही, काही महिन्यात फुगतो आणि फाटतो, मग पंप फिरतोय आणि प्रेशर नाही असं कोडं होतं. टाकीत बुडवायचा होज वेगळा येतो, त्यावर एसएई जे३० आर१० असं छापलेलं असतं, तोच मागा. महाग आहे पण इतकुसा तर लागतो.

दुसरं, डुप्लिकेट. खोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव आणि किंमत निम्मी, तर आत काय असणार तुम्हीच ठरवा. होलोग्राम तर आहेच, पण पार्ट नंबर मोटरवरही छापलेला असतो, खोक्यावरचा आणि मोटरवरचा जुळवा. बिल पक्कं घ्या.

मिस्त्री_काका:
नानापेठींचं चूक नाही, पण बारा-तेरा वर्षांच्या मॉड्यूलचे खटके उघडताना तुटतात हेही खरं. आणि त्याच मॉड्यूलमधे प्रेशर रेग्युलेटर आणि बऱ्याच गाड्यांत फिल्टरही असतो, तोही तेवढाच जुना. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर असेंब्ली, विकायची असेल तर मोटर.

खंबाटकी_रिटर्न:
ठेवायची आहे. असेंब्ली घेतली, पण पार्ट काउंटरवरून स्वतः, गॅरेजवाल्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा बरीच स्वस्त पडली. काम साताऱ्याच्याच इलेक्ट्रिशियनकडे केलं आणि शेजारी उभा राहून बघितलं, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

टाकी पाव किंवा त्याच्या खाली असेल तेव्हाच काम काढा. आधी त्यांनी गाडी चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढला, गाडी आपोआप दोन-चार गचके खाऊन बंद झाली, परत थोडा सेल्फ मारला, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरलं. हे न करता पाईप काढला तर तीन बारच्या प्रेशरने पेट्रोल थेट तोंडावर. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. माझ्या गाडीत नशिबाने मागच्या सीटखाली झाकण आहे, काही गाड्यांत नसतं आणि टाकीच खाली उतरवावी लागते, तेव्हा मजुरी ठरवायच्या आधी ते विचारा. झाकण काढल्यावर आत बोटभर धूळ आणि माती होती, ती आधी ब्रश आणि हवेने साफ केली, कारण नंतर ती सगळी टाकीत पडते. इथे घाई करणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा.

वरची गोल रिंग त्यांनी लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकत फिरवली, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी नाही, ठिणगीही नको आणि रिंगही मोडायला नको. मॉड्यूल तिरकं करून बाहेर काढलं कारण पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटची दांडी अडकते. जाळी बघून मला धक्का बसला, पांढरी असायला पाहिजे ती काळी कुळकुळीत आणि तळाशी चिखलासारखा थर. टाकीच्या तळाचा गाळ त्यांनी धागे न सुटणाऱ्या सुती कापडाने टिपून काढला. नवीन रबर रिंग असेंब्लीसोबत आली होती. ते म्हणाले जुनी पेट्रोलमधून बाहेर आली की फुगते आणि परत खाचेत बसत नाही, लोक ताणून बसवतात आणि मग टाकी फुल केली की गाडीत वास येतो.

कनेक्टरची शेपटी नवी, जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक, पण हे सोल्डरिंग सगळ्यात आधी केलं, टाकी बंद असताना, गाडी मोकळ्यावर ढकलून. शेवटी सीट बसवायच्या आधी चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ, लाईन भरली, कुठे ओलं दिसत नाही ना बघितलं, मग सेल्फ. गेज लावून बघितलं, तीन बारच्या जवळ स्थिर, कनेक्टरवर १२.१, करंट पाचच्या आत. नंतर एसी लावून पूर्ण लोडवर खंबाटकी चढलो, तिसऱ्या गिअरमधे ओढत गेली.

संत्रानगरी:
मस्त. काम करताना उजेडाला काय वापरलं? आमच्याकडे एका गॅरेजमधे वायरवाला साधा बल्ब टाकीच्या तोंडाशी धरतात, पाहूनच पोटात गोळा येते.

मिस्त्री_काका:
तो बल्ब हातातून पडून फुटला की संपलं. एलईडी टॉर्च, तीसुद्धा आधी चालू करून मग जवळ न्यायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवर पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात साठते. म्हणून हे काम खड्ड्यावर कधीच करायचं नाही, उघड्यावर करायचं, आणि पावडरचा अग्निशामक हाताशी. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू असेल तर त्या दिवशी काम काढायचंच नाही.

चिंचवडकर:
सीएनजीवाल्यांसाठी कुणीतरी लिहा की. माझ्याकडे बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट आहे, पेट्रोल मी शंभर-दोनशेचं टाकतो, रिझर्व्हची लाईट कायम पेटलेलीच असते. त्याने पंप खराब होतो म्हणतात ते खरं का?

मिस्त्री_काका:
खरं आहे, आणि तुमच्यासारखी गिऱ्हाइकं मी भरपूर बघितली. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमधे गाडी सीएनजीवर गेली तरी पेट्रोलचा पंप फिरतच असतो, पेट्रोल जात कुठेच नाही, तेच तेच टाकीत फिरतं आणि गरम होतं. टाकीत दोन लिटर असेल तर ते दोन लिटर लवकर तापतं आणि मोटरला थंडावा उरत नाही. किट बसवणाऱ्याला विचारा की सीएनजीवर पंप बंद करणारा रिले टाकलाय का. टाकलेला नसला तर आठ-दहा लिटर पेट्रोल कायम ठेवा. आणि टाकलेला असला तरी रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर इंजेक्टर आणि पंप दोन्ही सुस्त पडतात.

ओबीडीवाला:
काका, थोडी असहमती. साध्या पेट्रोल गाडीत रिझर्व्हला गेलं की पंप जळतो ही भीती जरा जास्तच पसरवलीय. आताच्या मॉड्यूलला खाली प्लास्टिकची वाटी असते, तिच्यात पेट्रोल भरून राहतं, टाकीत कमी असलं तरी मोटर बुडालेली राहावी म्हणूनच ती वाटी. कधीमधी लाईट पेटली म्हणून काही होत नाही. पंप मरतो तो टाकी पूर्ण कोरडी करून सेल्फ मारत बसल्याने.

मिस्त्री_काका:
कधीमधी म्हणालात तिथपर्यंत मान्य. कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्याला मान्य नाही.

बे_एरिया_बंडू:
अमेरिकेतून भर घालतो. डेन्सो कंपनीच्या पंपाची मोठी रिकॉल (सदोष पार्ट बदलायला गाड्या परत बोलावणं) इथे २०२० मधे झाली, टोयोटा, होंडा वगैरे बऱ्याच कंपन्या. पंपाच्या आतला प्लास्टिकचा इम्पेलर (पेट्रोल ढकलणारी फिरती चकती) कमी घनतेचा बनला होता, तो पेट्रोल शोषून फुगायचा आणि बॉडीला घासून अडकायचा. पाणी नाही, कचरा नाही, वापरणाऱ्याचा काहीच दोष नाही. भारतातही झाल्या ना?

नानापेठी:
झाल्या की. होंडाने २०२० च्या जूनमधे ६५,६५१ गाड्या पंपासाठी बोलावल्या, मारुतीने त्याच जुलैमधे वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५. मारुतीने परत २०२४ च्या मार्चमधे सोळा हजारांच्या आसपास. होंडाने २०२४ मधे जुन्या मॉडेलच्या नव्वद हजारांवर. पार्ट आणि मजुरी फुकट. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांना हे कळतच नाही, कारण कंपनीचा मेसेज पहिल्या मालकाच्या नंबरवर जातो. कंपनीच्या वेबसाईटवर चासी नंबर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, खिशातून पैसे काढायच्या आधी करा.

कंदी_पेढा:
आणि ई२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, पंप जातात हे? व्हॉट्सॅपवर तर रोज येतंय.

ओबीडीवाला:
व्हॉट्सॅप बंद कर आधी. २०२२ च्या जूनमधे देशात सरासरी १० टक्के इथेनॉल झालं, २०२५ मधे २० वर गेलो. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे पार्ट ई२० साठीच बनवलेत, त्यांना काळजी नाही. जुन्या गाडीत प्रश्न दोन. इथेनॉल काही जुनी रबरं फुगवतं किंवा कडक करतं, आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर सोडवतं, तो येऊन जाळीत बसतो. म्हणजे ई२० ने पंप लगेच जळतो असं नाही, पण जाळी आणि रबर पाईप आधीपेक्षा लवकर बघायला लागणार. मायलेज थोडं पडणार ते वेगळं, इथेनॉलमधे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी.

निळी_छत्री:
मग माझा खरा प्रश्न. आई-बाबांची गाडी रत्नागिरीला असते, महिन्यातून दोनदा कशीबशी बाहेर निघते. पावसाळ्यात तर तेही नाही. मागच्या वेळी सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागला, मग चालू झाली आणि दिवसभर ठीक. पंप जायला आलाय का?

मिस्त्री_काका:
ताई, आधी एक फुकटचा प्रयोग. रात्रभर उभ्या गाडीला चावी ऑन करा, तीन सेकंद थांबा, ऑफ, परत ऑन, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. पटकन चालू झाली तर पंप जिवंत आहे, फक्त लाईनमधलं प्रेशर रात्रीत उतरतंय. पंपाच्या तोंडाशी एक बारीक व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल मागे जाऊ न देणारा, तो गळत असेल किंवा एखादा इंजेक्टर ठिबकत असेल. इंजेक्टरचं असेल तर चालू झाल्यावर पहिली काही सेकंदं काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो, तसं असेल तर टाळाटाळ करू नका. नुसत्या व्हॉल्व्हचं असेल तर चावी तीनदा फिरवून वर्षं काढणारे लोक आहेत. प्रयोगाने फरक पडला नाही तर बॅटरी बघा, उभ्या गाडीत तीच आधी मरते.

कोकणात पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि इथेनॉल ते ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून निघून जातं, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तर तळातूनच ओढतो. पावसाळ्याआधी टाकी भरा आणि आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटं खरंच रस्त्यावर फिरवा, दारात चालू करून ठेवू नका. खारी हवा असल्यामुळे सीटखालचं पत्र्याचं झाकण आणि पंपाची वरची रिंग गंजलीय का तेही कुणाला तरी बघायला सांगा, गंजून भोक पडल्यावर बदलण्यापेक्षा आधी रंग मारणं सोपं.

निळी_छत्री:
खूप आभार काका, बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते चावी तीनदा फिरवून सांगतायत उद्या सकाळी.

खंबाटकी_रिटर्न:
काका एक राहिलं. पंप बदलल्यापासून टाकी फुल केली तरी काटा फुलच्या दोन काड्या खालीच थांबतोय. बाकी सगळं झकास. पार्ट चुकीचा लागलाय का? काल फुल केलीय, आज सुट्टी आहे तर उघडून बघू का?

मिस्त्री_काका:
पार्ट बरोबर आहे, बसवताना फ्लोटची दांडी किंचित वाकली असणार. आज अजिबात उघडू नका, फुल टाकीवर झाकण काढलंत तर पेट्रोल सीटखाली येईल. पावपर्यंत चालवा, मग त्याच इलेक्ट्रिशियनकडे जा, आणि तोपर्यंत रिझर्व्हची लाईट कधी पेटते आणि पेट्रोल पंपावर नेमकं किती लिटर बसतं ते लिहून ठेवा, दांडी किती सरळ करायची ते त्यावरून ठरेल. रबर रिंग परत नवीन लागेल, ती आधीच आणून ठेवा.